सोमवारची धास्ती

कंडोम होता. फाटला नव्हता, निसटलाही नव्हता. तरी दोन दिवसांनी लघवी करताना किंचित जळजळते, किंवा जळजळल्यासारखे वाटते, आणि पंचविशीतल्या धडधाकट मुलाची अन्नावरची वासना उडते. रात्री मोबाइल उशाशी घेऊन तो आजारांची नावे धुंडाळतो. सकाळी न्हाणीघराला कडी लावून स्वतःला निरखत राहतो. आईला वाटते पोट बिघडले असेल, मित्रांना वाटते गाडीचा हप्ता थकला असेल. खरे कारण तो कुणापाशी काढत नाही. रेवस-करंजापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर एकेकटे कुढणारे असे जीव गावोगाव आहेत. जो दवाखान्याची पायरीच चढत नाही त्याची नोंद कुठल्या वहीत होणार? म्हणून ही धास्ती आरोग्य खात्याच्या अहवालात येत नाही आणि कुणाच्या भाषणातही येत नाही.

या मुलाबद्दल लिहायचे कारण असे, की त्याने सांगितलेले ऐकले आहे. १९६८ साली निरोध बाजारात आला. तेव्हापासून त्याच्या आजोबांना, बापाला आणि आता त्याला एकच गोष्ट बजावण्यात आली: कंडोम वापरा. त्याने वापरला. आता पुढे? कंडोम कशापासून राखतो, कशापासून पुरता राखत नाही, शंका आली तर कुणाला विचारायचे, तपासणी कधी करायची आणि कधी करून उपयोग नसतो, यातले काहीच त्याला कुणी सांगितलेले नाही. पाकीट हातात ठेवले आणि बोलणे तिथेच तोडले. शाळेत हे बोलणे होऊ शकले असते. २००७ साली किशोरवयीनांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात गदारोळ होऊन रोखला गेला. त्या वर्षी नववी-दहावीत असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली, त्यातल्या कित्येकांची स्वतःची मुले शाळेत जातात. आपण अर्धवट सोडलेल्या बोलण्याची किंमत ती पिढी जागरणांनी मोजत आली आहे.

आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ, कारण उपदेश त्याला खूप मिळेल, उत्तर मिळणार नाही.

अखंड लॅटेक्समधून एचआयव्हीचा विषाणू पलीकडे जात नाही. परमा, म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया यांचे जंतू, हेपॅटायटिस बीचा विषाणू हेही जात नाहीत. संभोगाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत कंडोम जागेवर असेल आणि फाटला नसेल, तर त्या संभोगापुरती एचआयव्हीची भीती मनातून काढून टाकावी. उलट बाजूचे गणितही त्याला कळायला हवे. समजा कंडोम नव्हता, जोडीदाराला एचआयव्हीची लागण होती आणि उपचार सुरू नव्हते. तरीही योनिसंभोगाच्या एका वेळेत लागण होण्याची शक्यता दहा हजारांत चार ते आठ इतकी धरली जाते. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून संभोगातून लागण होतच नाही. भारतात प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. हे आकडे बेफिकीर होण्यासाठी सांगत नाही. एकेका वेळची छोटी जोखीम वारंवार घेतली की मोठी होते, आणि देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रातच आहेत. पण कंडोम शाबूत असताना ज्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची तिरडी उभी राहते, त्याच्या हाती हे आकडे असायलाच हवेत.

आता दुसरी बाजू, जी जाहिरातीत येत नाही. कंडोम झाकतो तेवढ्याच जागेचे रक्षण करतो. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा व्रण, जननेंद्रियांवरचा हर्पिस, एचपीव्हीमुळे येणाऱ्या चामखिळी हे कातडीला कातडी लागून पसरतात, आणि ती कातडी कंडोमच्या बाहेरची असू शकते. कंडोमने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. मुखमैथुनाच्या वेळी तर कंडोमची आठवण क्वचितच कुणाला होते. परमा, गरमी, हर्पिस तिथूनही येतात. सुरुवात तशीच करून शेवटी शेवटी कंडोम चढवणारेही पुष्कळ असतात आणि ते स्वतःला ‘वापरला होता’ असेच सांगतात. आणि कोकणात तर मुद्दाम सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे: खोबरेल तेल. ते घरोघरी हाताशी असते, लॉजवर आलेल्याच्या पिशवीतही असते. तेल लागले की लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होऊ लागते. पेट्रोलियम जेली, अंगाला लावायचे लोशन यांचेही तेच. वंगण लागलेच तर पाण्याचे किंवा सिलिकॉनचे घ्यावे, मेडिकलमध्ये मिळते. जास्त सुरक्षा म्हणून एकावर एक दोन कंडोम चढवले तर घासून फाटण्याचीच भीती. वैशाखात गाडीच्या कप्प्यात तापत पडलेला, वर्षभर खिशातल्या पाकिटात चेपलेला कंडोम भरवशाचा राहत नाही.

आणि ती जळजळ? ती बहुतेक वेळा साध्या कारणाची निघते. नेहमीपेक्षा जास्त घर्षण, लॅटेक्सची किंवा वंगणाची ॲलर्जी, दमट उकाड्यात पाणी कमी प्यायल्याने घट्ट झालेली लघवी. सर्वात वाईट म्हणजे भीतीपोटी जंतुनाशकाने धुणे. ही खोड सर्रास आहे. नाजूक कातडी त्याने सोलवटते, लाल होते, चुरचुरते, आणि तो लालपणा पाहून भीती पक्की होते. पुढे निरखून निरखून पाहिले की आजवर न दिसलेले बारीक पुरळ दिसू लागते. शिश्नमण्याच्या कडेला मोत्यासारख्या बारीक पुटकुळ्यांची रांग किंवा कातडीखालचे पिवळसर ठिपके अनेक निरोगी पुरुषांना जन्मभर असतात. त्यांना ना औषध लागते ना मलम. खऱ्या आजाराची चाल वेगळी असते. परम्यात साधारण दोन ते सात दिवसांत लघवीच्या वाटे पू येतो. गरमीचा व्रण सरासरी तीन आठवड्यांनी उठतो, तो दुखत नाही म्हणून फसवतो, आणि औषधाशिवाय मिटतो म्हणून आणखी फसवतो. रोग आतच राहतो. हर्पिसचे दुखरे फोड दोन ते बारा दिवसांत दिसतात. असे काही दिसले तर एक दिवसही वाया न घालवता डॉक्टर गाठावा, कारण परमा आणि गरमी दोन्ही पूर्ण बरे होतात.

हे मराठीत उघड बोलणे नवे नाही. ते एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी सुरू केले होते. रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ साली मुरूडला जन्मले. हे मुरूड जंजिऱ्याशेजारचे नव्हे, सावित्री ओलांडून गेल्यावरचे, दापोली तालुक्यातले. किनारा मात्र हाच. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. गणिताचे प्राध्यापक होते, या कामापायी नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते मासिक चालवले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर वेगळे पुस्तक लिहिले. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना न चिडता, न लाजवता छापील उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टाला तो पटला नाही, कर्व्यांना दंड झाला. मासिक चालूच राहिले. बाबासाहेबांनी हा खटला घेतला, यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. माणसाला आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, हा हक्काचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखले होते. नव्वद वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला आपली शंका लिहून पाठवायला एक पत्ता ठाऊक होता. आजच्या नागाव-चौलच्या मुलाला तसा एकही पत्ता ठाऊक नाही.

पत्ते आहेत, हीच यातली खेदाची गोष्ट. अलिबागच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. एचआयव्हीची तपासणी तिथे फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतही या तपासणीची सोय केलेली असते. लैंगिक आजारांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने औषधांची सात रंगांची पाकिटे ठरवून दिली आहेत: मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर करडे, हर्पिस नसलेल्या व्रणासाठी पांढरे, हर्पिससाठी लाल, ओटीपोटाच्या दाहासाठी पिवळे. जोडीदाराच्या उपचाराचाही विचार त्या पद्धतीत केलेला आहे, कारण एकालाच औषध दिले तर दुखणे दोघांत फिरत राहते. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाची समजून दिलेली संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तिचा निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही, असे तो कायदा सांगतो.

मग मुलगा तिथे का जात नाही? कारण त्याला आजाराइतकीच, कधी कधी आजारापेक्षा जास्त, कुणी पाहील याची भीती असते. अलिबाग काय, मुरूड काय, श्रीवर्धन काय, ही एकमेकांना नावानिशी ओळखणारी गावे. केसपेपर काढणारा मामाच्या आळीतला निघतो, रांगेत पुढे उभी असलेली बाई आईच्या बचत गटातली असते. मिनिडोर रिक्षातून सिव्हिलच्या फाटकाशी उतरले तरी संध्याकाळपर्यंत घरी विचारणा होते, ‘काय रे, दवाखान्यात कशाला गेला होतास?’ त्यात दिवेआगर-श्रीवर्धनकडच्याने अलिबागला यायचे तर दिघीहून जंगरने आगरदांड्याला उतरा किंवा माणगाववरून वळसा घाला, दिवस मोडतो. आणि बाह्यरुग्ण विभाग भरतो सकाळी, जेव्हा हॉटेलातला पोऱ्या नाश्त्याच्या गर्दीत असतो, खलाशी बोटीवर असतो, उरणचा ड्रायव्हर कंटेनरच्या रांगेत असतो. हा किनारा पूर्वीसारखा आडबाजूचा राहिलेला नाही. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो २०२० पासून येते, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते, तिच्यासाठी कॉटेज आणि लॉज उभे राहिले, त्यांत राबणारी तरुण पोरे-पोरी दूरदूरच्या गावांतून आली. करंजा, रेवदंडा, राजपुरी, जीवना इथल्या बोटींवर परराज्यांतले खलाशी आहेत, घरापासून महिनोन्‌महिने लांब. माणसे भेटणारच, शरीरेही भेटणार. रस्ते, धक्के, पूल यांचे नियोजन झाले, त्याबरोबर येणाऱ्या या साध्या मानवी गोष्टीचे नियोजन कुणाच्या आराखड्यात नाही.

सरकारी दार टाळणारा मुलगा दोन दारे ठोठावतो. पहिले मेडिकलचे. तिथे तो मित्राच्या नावावर सांगतो आणि अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सिफिक्सिमची स्ट्रिप घेऊन निघतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकायला कायद्याने मनाई आहे. आजार नसताना घेतली तर पोट बिघडते, तोंड येते आणि भीतीत भर पडते. आजार असताना अर्धवट घेतली तर आणखी वाईट: परम्याचा जंतू एकेका औषधाला जुमानेनासा होत चालला आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिन तर भारतात त्याच्यावर जवळपास निकामीच ठरले. दुसरे दार भिंतीवर रंगवलेले असते. महामार्गाच्या कडेला, एसटी स्टँडच्या मुतारीत, लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असे लिहिलेले आपण लहानपणापासून वाचत आलो. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा लैंगिक आजारांच्या इलाजाच्या अशा जाहिरातींना बंदी घालतो. सत्तर वर्षे उलटली तरी रंग वाळत नाही. ज्या मुलाला काहीही झालेले नाही, तो या धंद्याचे सर्वात फायद्याचे गिऱ्हाईक असतो. रोगच नाही म्हटल्यावर इलाज कधीच फसत नाही, आणि भीती कायम असल्याने इलाज संपतही नाही. या भिंती पुसणे हे अन्न व औषध प्रशासनाचे आणि पोलिसांचे काम आहे, आणि ते त्यांनी केले पाहिजे.

अलीकडे तिसरे दार उघडले आहे, खासगी लॅबच्या पॅकेजचे. पैसे भरले की दहा-बारा चाचण्या एका दमात. तिसऱ्या दिवशी केलेली एचआयव्ही किंवा गरमीची चाचणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, ती त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल सांगते. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी साधारण ४५ दिवसांनी विश्वासार्ह उत्तर देते. सरकारी केंद्रातल्या साध्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरतात. परमा-क्लॅमिडियासाठी लघवीची जनुकीय तपासणी दोन आठवड्यांनी करावी. पॅकेजमधली हर्पिसची रक्तचाचणी तर भल्याभल्यांची झोप उडवते. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा प्रकार अनेकांना लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो आणि त्याची प्रतिपिंडे रक्तात जन्मभर सापडतात. ती चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून कालच्या संभोगाला किंवा होणाऱ्या बायकोला दोष देत बसणे हा शुद्ध अन्याय आहे. लक्षणे नसताना घाई करायची ती एकाच वेळी: कंडोम नव्हता, फाटला किंवा निसटला आणि जोडीदाराबद्दल शंकेला जागा असली तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर डॉक्टरकडे जावे. गरज असली तर एचआयव्ही रोखणारी औषधे २८ दिवस देता येतात. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे जे तीन दिवस मोलाचे असतात तेच लपण्यात जातात.

आतापर्यंत मुलगा, मुलगा असेच लिहिले. मुलीचे काय? तिने दवाखान्यात पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो, ‘लग्न झालंय का?’ पुढचे सगळे त्या उत्तरावर ठरते: आवाजाचा सूर, नजरेतला भाव, कधी आईला बोलावून आणण्याची आज्ञा. ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवणे भाग असते, त्यामुळे ती येतच नाही. लग्न झालेलीची गत वेगळी. परमा आणि क्लॅमिडिया बाईच्या शरीरात पुष्कळदा गाजावाजा न करता राहतात, गर्भनलिकांना इजा करतात आणि मूल होत नाही तेव्हा कळतात. बोल लागतो तिलाच. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दरवेळी लैंगिक आजार नव्हे, साधी बुरशीही असते. पण ते ठरवायला तपासावे लागते, आणि तपासणी व्हायची ती बहुधा गरोदर राहिल्यावर, एचआयव्ही आणि गरमीची, तीही बाळासाठी. मला हे सरळ सांगायचे आहे: पुरुषाला नसलेल्या आजाराची धास्ती घेऊन रात्र जागायची तरी मुभा आहे, बाईला असलेल्या आजाराबद्दल विचारायचीही सोय नाही. सेवा उभारताना आधी तिचा विचार व्हायला हवा. स्त्री समुपदेशक, वेगळी खोली, आणि लग्नाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो वैद्यकीय कारणापुरता.

काही जणांची धास्ती तपासणीनेही जात नाही. तीन महिन्यांनी निकाल निर्धोक येतो, दोन दिवस बरे वाटते, मग मन म्हणते की नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, आणि तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो, मग तिसऱ्या. त्या रात्री जे झाले ते त्याला चूक वाटत असते, कधी बायकोशी, कधी होणाऱ्या बायकोशी, कधी देवाशी केलेली, आणि त्या चुकीची शिक्षा आजाराच्या रूपाने यायलाच हवी असे त्याने स्वतःशी ठरवून टाकलेले असते. त्याला चौथी रक्तचाचणी देऊ नये. त्याच्याशी बोलावे. अपराधाची भावना खरी असते, तिला वाट काढून द्यावी लागते, बायकोपाशी, समुपदेशकापाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञापाशी. पण जंतूंना माणसाचा अपराध कळत नाही हे त्याला कुणीतरी आधी ठामपणे सांगायला हवे. २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर यासाठीही आहे.

रायगडच्या आरोग्य यंत्रणेकडून मागणे मोठे नाही. अलिबागला सिव्हिल आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि महिन्यातून एक-दोन रविवार सिव्हिलमधले समुपदेशन व चाचणी केंद्र उघडे ठेवावे. श्रीवर्धन आणि मुरूडला ठरलेल्या दिवशी समुपदेशक पाठवावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बोटी बंदरात शाकारलेल्या असतात, खलाशांशी बोलायला तो काळ वापरावा. दारावर मोठ्या अक्षरांत रोगाचे नाव लिहिण्याऐवजी खोली क्रमांक पुरे. औषध विक्रेत्यांच्या तालुका संघटनांना एकत्र बसवून सांगावे, की स्ट्रिप मागणाऱ्याला स्ट्रिप न देता त्या खोलीचा पत्ता द्या. आत आलेल्याला डॉक्टरने ‘हे कशाला केलंस?’ असे विचारू नये. कंडोम कधी चढवला, शेवटपर्यंत होता का, तेल लावले होते का, तोंडाचा संबंध आला होता का, काय दिसते आहे, किती दिवस झाले, एवढे विचारले की सल्ला देता येतो, आणि बऱ्याचदा तो सल्ला ‘तुला काही झालेले नाही, घरी जा, पाणी पी, अमुक तारखेला एकदा तपासून घे’ इतकाच असतो.

आणि हे सगळे होईपर्यंत एक गोष्ट याच आठवड्यात करता येईल. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक १०९७ आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. मांडव्याच्या जेट्टीवर, करंजा आणि रेवदंड्याच्या बंदरात, उरणच्या ट्रक तळांवर, कॉलेजांच्या स्वच्छतागृहांत, किहीमपासून दिवेआगरपर्यंतच्या प्रत्येक लॉजच्या खोलीत दाराच्या मागे, जिथे चेक-आउटची वेळ लिहिलेली असते त्याच्या खाली, तो क्रमांक लावण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.